पहिला घोट

६ फेब्रुवारी

थोरले,

पाकीट फेकू नकोस. आधी वाच, मग फेक.

मी बरी आहे. गोळ्या वेळेवर घेते, झोप लागते, कामावर जाते, कुणाचे आवाज येत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर दर ओळीला तू 'हिचं परत सुरू झालं वाटतं' असं म्हणत वाचशील. माझा फोन तू उचलत नाहीस. दारात येऊन उभी राहिले तर शेजारी आधी तुझ्याकडे बघतील, मग माझ्याकडे. एकच चेहरा दोनदा दिसला की लोक कसे बघतात आणि तुझं डोकं कसं फिरतं ते मला पाठ आहे. म्हणून पत्र.

तुझी लेक दुकानात आली होती.

मी बोलावलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी तू म्हणालीस की भिंगरीपासून लांब राहा, तेव्हापासून मी तिच्या कॉलेजच्या रस्त्यानेसुद्धा गेलेली नाही. तिचं हे नाव मीच ठेवलेलं, आठवतं ना? दोन वर्षांची असताना एका जागी बसेल तर शपथ. ती आपणहून आली. चष्म्याच्या दुकानात माणूस डोळे दाखवायला येतो, तशी आली.

मी मागच्या खोलीत असते. काचांच्या कडा घासून त्या फ्रेममध्ये बसवायच्या, हे माझं काम. मधलं दार अर्धं उघडं असतं. तिचा आवाज ऐकला आणि हातातली काच फडक्यावर ठेवून दिली, कारण फोडली असती.

पुस्तकातली अक्षरं पसरतात, असं ती सांगत होती. आमच्या नंबर तपासणाऱ्या बाईंनी सगळ्या काचा लावून पाहिल्या. लांबचं तिला स्वच्छ दिसतं, जवळचंच धूसर. बाई म्हणाल्या, हे चाळिशीत होतं गं, तू विसाव्या वर्षी कुठून आणलंस? मग त्यांनी विचारलं, कसली औषधं चालू आहेत का. ती नाही म्हणाली.

ती 'नाही' कसं म्हणाली ते सांगते. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. आपली भिंगरी म्हणजे विनोद संपायच्या आत हसून मोकळी. ही मुलगी बाईंच्या चेष्टेवर नुसती बघत राहिली. मी बाहेर आले तर 'मावशी' म्हणाली, तेही पाटीवरचं नाव वाचून दाखवावं तसं. अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणाली, झोपच झोप येते, मैत्रिणींकडे जावंसं वाटत नाही. मी पाणी दिलं तर तिने ग्लास दोन्ही हातांनी धरला.

माझ्या मनात एकच शब्द आला: आलं.

ते जुळ्यांचा अभ्यास करणारे लोक तुला आठवत असतील. दोघी एकसारख्या, एकीला स्किझोफ्रेनिया आणि दुसरीला काही नाही, अशी जोडी बघून त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. दोघींचं रक्त घेतलं. दोघींची डोकी त्या धडधडणाऱ्या नळकांड्यात घातली. माझ्या मेंदूतल्या पोकळ्या तुझ्यापेक्षा जराशा मोठ्या निघाल्या. तू म्हणालीस, तरीच, हिचं डोकं पहिल्यापासून रिकामं. मीही हसले. मग तू त्या मोठ्या डॉक्टरांना विचारलंस, मी तर ठणठणीत आहे, म्हणजे माझ्या मुलीची काळजी नाही ना? ते म्हणाले, तसं नाही. बीज दोघींचं एकच आहे. तुमच्यात ते उगवलं नाही, पण पुढे तेवढंच जातं. हिला मुलं असती तर त्यांना जेवढा धोका, तेवढाच तुमच्या मुलीला.

ते पुढे हेही म्हणाले होते की बहुतेक मुलांना काही होत नाही. ते तू ऐकलं नसावंस, कारण तू खाली बघून पर्सची चेन उघडझाप करत होतीस. परत येताना बसमध्ये तू माझ्या शेजारी बसली नाहीस. आणि आठवड्याभरात तुझा निरोप आला, लांब राहा.

आपण एकवीस वर्षांच्या होतो तेव्हा माझं सुरू झालं. ती विसाची आहे. तू हे विसरली नसणार, मीही नाही विसरले. घरी ती कशी असते ते मला सांग. एकटीच बोलते का? खिडक्या लावून बसते का? जेवणाचा वास घेऊन बघते का? हे सगळं मी केलेलं आहे, माझ्यापाशी लाजायचं कारण नाही. आणि तिला डॉक्टरकडे ने. भाऊजी बोटीवरून घरी येईपर्यंत थांबू नकोस.

परत येणार का, ते तिने काही सांगितलं नाही.

धाकटी


२१ फेब्रुवारी

थोरले,

चार ओळी लिहिल्यास. त्यात 'काळजी' एकदाही नाही आणि 'लक्ष' दोनदा. तुझं लक्ष आहे, तू वेळेत हाताळते आहेस, डॉक्टरची गरज नाही, मी यात लक्ष घालू नये. वेळेत हाताळते आहेस म्हणजे काय करते आहेस?

शिवाय खाली मला आजाराची कारणं समजावलीस. तू कॉलेजात जीवशास्त्र शिकवतेस, मान्य. पण अगं, ही कारणं मी इतक्या तोंडांतून ऐकली आहेत की त्यांच्यावर परीक्षा घेतली तर तुझ्या वर्गात पहिली येईन. आपण पोटात असताना आईला जोराचा फ्लू झाला होता, हे एक. तू आधी बाहेर आलीस, मी मागे अडकले, निळी जन्मले आणि श्वास उशिरा घेतला, हे दुसरं. मेंदूत डोपामिन नावाचा निरोप्या असतो, तो माझ्यात उगाच सगळ्या दारांच्या घंटा वाजवत सुटतो, म्हणून मला रस्त्यात पडलेला रुमालसुद्धा काहीतरी सांगतोय असं वाटायचं, हे तिसरं. पोरवयात मेंदू आपल्या जादा जोडण्या छाटून टाकतो, त्यात माझ्याकडे कात्री जरा जास्त चालली, हे आणखी एक. आणि बीज तर आहेच. एक डॉक्टर म्हणाले होते की यातलं एकटं काहीच पुरत नाही, बरंच काही एकत्र जमून यावं लागतं.

मला हे सगळं पटतं. बाहेरची बाधा म्हणून अंगारे लावणाऱ्यांपेक्षा ही माणसं शंभर पटींनी बरी. पण यातलं जवळजवळ प्रत्येक कारण माझ्याबरोबर तुझ्याही वाट्याला आलं होतं, आणि तू ठणठणीत राहिलीस. ते का, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. म्हणून मी कारणांना मान देते, पण त्यांच्या भरवशावर कुणाचं भविष्य सांगत नाही.

आता खरं सांगते. मागच्या पत्रात मी लपवलं. येऊ का परत, असं तिने विचारलं होतं, आणि मी तिला खोलीचा पत्ता दिला होता. दोन्ही शनिवारी ती आली.

पहिल्या शनिवारी मी तिच्यात आजार शोधत बसले. दुसऱ्या शनिवारी माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. ती पलंगावर बसली, उठली, खिडकीशी गेली, परत बसली, परत उठली. पाय जमिनीवर ठरेनात. मी विचारलं तर म्हणाली, आतून कुणीतरी ढकलतंय असं वाटतं. चालते तेव्हा हात अंगाला चिकटलेले. तोंडाच्या कोपऱ्यात ओल येते, ती रुमालाने टिपते आणि आपण बघितलं का ते बघते. पाळी दोन महिने आलेली नाही, हे तिने मान खाली घालून सांगितलं. तुला सांगितलं होतं म्हणे, तू म्हणालीस अभ्यासाचा ताण.

हे माझ्या ओळखीचं आहे, थोरले. आणि ते आजारातलं नाही. आजारात मी भिंतींशी भांडले, रेडिओ फोडला, तुमच्या सगळ्यांचे चेहरे मला खोटे वाटले. पण माझे हात चालताना हलत होते. ते थांबले गोळ्यांवर. पाय थयथयायला लागले गोळ्यांवर. पुस्तकातली अक्षरं पसरली, पाळी गेली, तेही गोळ्यांवर. डॉक्टरांनी गोळी बदलली तेव्हा ते गेलं.

मी तिला तीन-तीनदा विचारलं, काही घेतेस का? शपथेवर नाही म्हणाली. ताकदीच्या गोळ्या? नाही. मग म्हणाली, आई झोपायच्या आधी दूध देते तेवढंच, आणि संपेपर्यंत उभी राहते.

मी उठून खिडकी उघडली.

पुढचं तुला माहीत आहे, तरी मला लिहायला हवं, कारण लिहिलं की मला माझं डोकं जागेवर आहे का ते कळतं. माझं सुरू झालं त्या वर्षी मी सांगत होते की दुधात काहीतरी आहे. आई कानावर हात ठेवायची. डॉक्टरांनी ते लक्षण म्हणून लिहून घेतलं. मग एकदा तू माझ्या हातातून कप घेतलास, पहिला घोट स्वतः प्यालीस, ओठ पुसलेस आणि म्हणालीस, बघ, काही नाही. मी तुझ्याकडे बघून सगळं दूध प्याले. दुसऱ्या दिवशी तू दुपारपर्यंत झोपून होतीस आणि आई सांगत होती, हिला ताप आहे. पुढे दोन वर्षांनी आईने माझ्यादेखत डॉक्टरांना कौतुकाने सांगितलं की पहिल्यापासून दुधातून दिलं, म्हणून पोर सावरली. त्या औषधाने मला बरं वाटलं, हे खरं आहे. आईला मी केव्हाच माफ केलं. तुझा तो घोट मात्र मला अजून गिळता येत नाही.

आणि आता मला परत वाटतंय की दुधात काहीतरी आहे. तूच सांग, हे मी जगात कुणाला जाऊन सांगू?

तरी सांगून पाहिलं. माझ्या डॉक्टरीणबाईंना म्हटलं, बहिणीच्या घरच्या दुधाबद्दल मला संशय येतोय. त्यांनी पेन खाली ठेवलं, फार मायेने विचारलं की झोप कशी आहे, आणि गोळी वाढवली. मी मुकाट्याने घेते आहे. संशय होता तिथेच आहे, फक्त आता तोही माझ्यासारखा पेंगतो.

तू एक शब्द लिही. 'नाही' एवढाच. मी तो धरून चालेन आणि माझं माझं औषध आणखी वाढवून घेईन.

धाकटी


५ मार्च

थोरले,

'नाही' आलं नाही. मी रोज दारातली पेटी उघडत होते. शेजारच्या शिंपीणबाई विचारायला लागल्या की नोकरीचं पत्र यायचंय का.

काल मी आपल्या जुन्या गल्लीत गेले होते. तुझ्या दाराकडे वळले नाही, औषधवाल्याकडे गेले. डोस वाढल्यामुळे गोळ्या लवकर संपल्या आणि माझ्या नेहमीच्या दुकानात माल नव्हता. म्हटलं, हा आपल्याला लहानपणापासून ओळखतो, अडवणार नाही. मी गोळीचं नाव सांगितलं. आता मी घेते ती नाही, चुकून जुन्याच गोळीचं नाव तोंडातून गेलं. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, परवाच तर नेल्यात की. इतक्यात संपल्या?"

मी म्हटलं, मी? तो म्हणाला, तुम्हीच, जुनी चिठ्ठी घेऊन. त्या दिवशी चष्मा होता, आज विसरलात वाटतं. आणि तुम्ही विचारलं होतंत त्या चुऱ्याचं काय झालं, दुधात चव लागते का हो?

मी गोळ्या न घेताच बाहेर पडले. कोपऱ्यावरच्या बाकावर बसले. पहिला विचार आला की मीच येऊन नेल्या असणार आणि मला आठवत नाही. मग दुसरा विचार आला: माझा चेहरा लावून कुणीतरी गावात फिरतंय आणि माझ्या नावावर गोळ्या घेतंय. अगं, हा विचार घेऊन कुठल्याही डॉक्टरकडे जाऊन बघ, घरी परत सोडणार नाहीत. आणि मग मला हसू फुटलं. कारण माझा चेहरा लावून फिरणारं माणूस खरंच आहे, आणि ते माझ्या आधी जन्मलेलं आहे. मी एकटीच बाकावर बसून हसत होते, येणारेजाणारे लांबून जात होते, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

खरं सांगू? आधी आनंद झाला. माझं डोकं ठिकाणावर होतं, याचा आनंद. तुझ्या मुलीचा विचार त्याच्या नंतर आला, आणि मग तिथेच रडले.

काय केलंस हे? तिला दिवस दिवस झोप येते, पाय थांबत नाहीत, पाळी गेली, आणि तिला वाटतंय की आपलं डोकं बिघडत चाललंय. मागच्या शनिवारी तिने मला विचारलं, "मावशी, तुझं असंच सुरू झालं होतं का?" दुधाचं माझ्या तोंडावर आलं होतं, ते मी मागे सारलं. तू औषध कुणाला देते आहेस, आजाराला की तुझ्या भीतीला?

आता दोन गोष्टी कर. एकदम बंद करू नकोस, त्याने भलतंच होऊन बसेल. डॉक्टरकडे जा, सगळं सांग, ते म्हणतील तसं उतरव. आणि तिला तू सांग, तुझ्या तोंडाने. मी सांगणार नाही. तिऱ्हाइतासमोर, डॉक्टरांच्या खोलीत बसून कळलं की काय होतं ते मी भोगलंय. त्या दिवशी मला औषधाचं दुःख झालं नव्हतं. मी घरी येऊन जेवायच्या ताटाकडे बघत बसले होते, की आता कुणाच्या हातचं खाऊ.

तू डॉक्टरकडे गेलीस तर माझ्या तोंडून एक अक्षर जाणार नाही. हा माझा शब्द.

धाकटी


१८ मार्च

थोरले,

तुझं पत्र मिळालं. इतकं मोठं पत्र तू मला जन्मात लिहिलं नव्हतंस. तीनदा वाचलं.

डिसेंबरात न्हाणीघराच्या बंद दाराआड ती दोन आवाजांत स्वतःशीच भांडत होती. एक आवाज विचारत होता, खोटं का बोललात, आणि दुसरा रडकुंडीला येऊन म्हणत होता की मी तिथे नव्हतेच. तू दाराला कान लावलास आणि तुझी पाचावर धारण बसली. मला सगळं डोळ्यांसमोर दिसलं. मी तुझ्या जागी असते तर माझीही बसली असती.

पण तू दार वाजवायला हवं होतंस. कॉलेजच्या नाटकात तिला वकिलाचं काम मिळालं होतं. साक्षीदाराची वाक्यंही तीच म्हणत होती, दुसरं कुणी नव्हतं म्हणून. तुला सांगितलं नाही, कारण नाटक म्हटलं की तू अभ्यासाचं पालुपद लावतेस. पुढे तिला वाक्यं आठवेनाशी झाली आणि तिने काम सोडलं. ती म्हणते, नाटक सुटलं कारण माझं डोकं चालेना. डोकं का चालेना ते तुला आणि मला माहीत आहे.

तू लिहिलंस की लवकर सुरू केलं तर आजार उगवायच्या आधीच दाबता येईल असं तुला वाटलं. डॉक्टरकडे नेलं की तिच्या नावापुढे तो शब्द लागेल, म्हणून नेलं नाहीस. आणि लिहिलंस की रोज सकाळी तोंड धुताना आरशात तुला मी दिसते. ते वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि चहा केला. थोरले, मी आजारी पडले ती आतून. मला माझा चेहरा दिसत नव्हता. तो सगळा तुला बघावा लागला, आणि तोही तुझाच चेहरा. हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. तुझ्यावरचा राग गेलेला नाही, पण जीव तुटला.

डोस तू तुझ्या मनाने अर्धा, मग पाव, मग बंद केलास. तिला डॉक्टरांकडे नेलंस आणि ताण आहे म्हणून सांगितलंस. दुधाचं सांगितलं नाहीस. म्हणजे माझ्या दोन गोष्टींतलं तू अर्धं केलंस. आता ती बरी दिसते आहे, जुनं उकरून काय मिळणार, असं तू विचारतेस.

गोळी अशी भराभर तुटली म्हणून तिला काही झालं तर? काही झालं आणि डॉक्टरांना ठाऊकच नसलं तर ते कशावर उपचार करतील? आणि शनिवार येतोय. ती आता डोळे उघडे ठेवून बघायला लागली आहे. तिने काही विचारलं तर मी काय करू? मी शब्द दिलाय, तो पाळीन. पण तू लवकर सांग. कृपा कर आणि लवकर सांग.

धाकटी


११ एप्रिल

थोरले,

मी शब्द मोडला. एव्हाना तुला कळलंच आहे. कसा मोडला ते माझ्याकडून ऐक.

ती आली तेव्हा मी खिडकीत होते. लांबून चालत येताना दिसली आणि तिचे हात हलत होते. मला किती बरं वाटलं ते तुला कसं सांगू. वर आली, शिंपीणबाईंच्या मांजराच्या अंगावरचं झबलं बघून खो खो हसली. माझ्या औषधाच्या पाकिटावरचा बारीक मजकूर उचलून वाचायला लागली, चष्म्याशिवाय, घडाघडा. मधेच थांबली. जे जे तिला झालं होतं ते सगळं तिथे छापलेलं होतं.

पाकीट खाली ठेवून म्हणाली, "मावशी, आई आता दूध देत नाही आणि मला बरं वाटतंय. दुधात काय होतं?"

इतकं सरळ. मी तोंड उघडलं. 'काही नाही' हे दोन शब्द तयार होते, आणि ते तुझ्या आवाजात होते. आपला आवाजही एकच आहे ना. तो मला आतून ऐकू आला, ओठ पुसल्यासारखा. मग मला ते जमलं नाही.

मी म्हटलं, "माझ्या जुन्या गोळ्या."

ती ओरडली नाही. केव्हापासून, असं विचारलं. तुला कधी कळलं, असं विचारलं. मी मार्च म्हटलं. तेव्हा ती मला म्हणाली, म्हणजे तूही. आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन आली, कारण दुसरीकडे जायला जागा नव्हती. तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवून आली आहे असं तू समजू नकोस, आणि मीही समजत नाही.

तिला मी माझ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला. माझी वाढवलेली गोळी त्यांनी परत कमी केली आणि मला म्हणाल्या, माझं चुकलं. इतक्या वर्षांत मला हे म्हणणाऱ्या त्या पहिल्याच. भिंगरीला त्यांनी दोन तास तपासलं. आज आजाराचं एकही चिन्ह नाही म्हणाल्या. उद्याचं कुणी सांगू शकत नाही, बीज आहे, वय तेच आहे, तेव्हा दर महिन्याला येऊन बोलायचं, झोप सांभाळायची, नशेच्या वाटेला जायचं नाही, आणि काही वेगळं वाटलं तर तिने स्वतः सांगायचं. तिने विचारलं, मला होणार की नाही, एका शब्दात सांगा. त्या म्हणाल्या, बहुतेक नाही. या 'बहुतेक'वर आम्ही दोघी सध्या घर चालवतो आहोत.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. पहिल्या पत्रात मी तुला विचारलं होतं, ती जेवणाचा वास घेऊन बघते का? तेव्हा बघत नव्हती. आता बघते.

पहिल्या दिवशी चहा दिला तर कप नाकाशी नेला. पाणी स्वतः भरून घेते. मी वाढलेलं ताट माझ्याशी बदलून घेते आणि मग लाजते, सॉरी म्हणते आणि तरी बदलते. दोन दिवस मी तिच्याकडे तू बघायचीस तशीच बघत होते, दाराला कान लावून. हेच ते असेल का? डॉक्टरीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, हा आजार नाही हो, हिला खरोखरच दुधातून दिलं होतं.

इतकी वर्षं आपण सगळ्यांनी बीज शोधलं, थोरले. रक्तात शोधलं, मेंदूच्या पोकळ्यांत शोधलं, आईच्या तापात शोधलं. ते असेलही तिथे. पण तिची ही भीती रक्तातून आलेली नाही. ती माझ्याकडे आईकडून आली आणि तिच्याकडे तुझ्याकडून, कपातून.

सध्या मी रोज तिच्यासमोर दूध तापवते आणि तिच्याच कपातला पहिला घोट घेते. ती मी गिळेपर्यंत बघते. मग थोडा वेळ थांबते, मला झोप येते का ते बघायला. मग पिते. माझी चिडचिड होत नाही, पण माझ्या पिण्याने फारसा फरक पडणार नाही हे मला कळतं. तिला ज्या हातांनी दिलं ते हात माझे नाहीत.

काल कपड्यांच्या घड्या घालताना म्हणाली, आईने एकदाही फोन केला नाही. मी म्हटलं, ती घाबरली असेल. ती म्हणाली, मग मी काय करू? रागाने म्हणाली, पण फोन उशाशी घेऊन झोपली.

तर ये. बोलायचं काय ते ठरवून येऊ नकोस, तुला ते जमत नाही. पायऱ्या चढ आणि दार वाजव. दूध मी आणून ठेवीन, तू तिच्यासमोर तापव, तिच्यासमोर कपात ओत, आणि पहिला घोट तू घे. मला दाखवला होतास तसाच.

आणि लगेच परत जाऊ नकोस. रात्री इथेच राहा, गादी आहे. ती सकाळी उठेल तेव्हा तिला तू जागी दिसली पाहिजेस.

धाकटी